चौथ्या जागेवरून

३ मार्च २०१९

पिरी,

हे पत्र लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर निदान दुसऱ्या पानापर्यंत ये, कारण पहिल्या पानावर नुसत्या शिव्या आहेत आणि त्या तुला नाहीत.

एकतीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा पत्ताच माझ्याकडे नाही, ही थाप मी आजवर सगळ्यांना मारली. पत्ता होता. तुझ्या वहिनीनं तो मला सोळा वर्षांपूर्वी बाजारात पिशवीच्या कागदावर लिहून दिला होता. मी तो बटणांच्या डब्यात टाकला, माझी पदकं असतात त्याच डब्यात.

काल क्लबाची सभा झाली. चौघींची नवी कयाक येतेय, पांढरीशुभ्र, आणि तिला नाव द्यायचंय आपल्या प्रशिक्षकाचं, देझो काकांचं. चौदा सप्टेंबरला म्हाताऱ्याला नव्वद पूर्ण होतात. त्या दिवशी होडीच्या नाकावर फळांची दारू, पालिंका ओतायची, नाव मोठ्यानं म्हणायचं, उरलेली पालिंका आपल्या घशात ओतायची आणि मग सगळ्यांनी कढईतलं माशाचं लाल कालवण ओरपायचं. ओतणार कोण? तर गिझी मावशी! आपला नवा अध्यक्ष तोंडात साखर घोळवत म्हणाला, “मावशी, तुमच्याशिवाय शोभणार नाही. चार जागतिक सुवर्णपदकं म्हणजे काय खायचं काम आहे?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीवरून आत आणलं. खिशात सूर्यफुलाच्या बिया अजूनही असतात. दात गेले, म्हणून आता बिया चोखतो आणि ओली टरफलं रुमालात थुंकतो. मला जवळ बोलावलं, त्याच बोटांनी माझा गाल ओढला आणि म्हणाला, “काय गं पोरी, वजन वाढलं की तुझं!” सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मी गाल साबणानं दोनदा धुतला, आणि गाल धुताना कळलं की शिसारी त्याची एकट्याची आलेली नाही.

आता दुसरं पान.

एकोणीस मे, पंच्याऐंशी साल. चौघींच्या होडीतल्या मागच्या तीन जागा ठरलेल्या होत्या. दुसरी योलान, तिसरी ओटी, चौथी मी. पहिल्या जागेसाठी तू की ती नवी मार्गित, एवढाच प्रश्न होता. घड्याळ लावून पाचशे मीटर, एकदा तू पुढे, एकदा मार्गित पुढे, मागे दोन्ही वेळा आम्हीच तिघी. जिच्या वेळी होडी जास्त पळेल ती जागतिक स्पर्धेला जाणार. याच्याइतकी प्रामाणिक निवड जगात नाही, असं देझो काका म्हणायचे आणि आपण माना डोलवायचो.

तुझ्या वेळी मी ओढलं नाही, पिरी.

कसं ते तुला सांगायला नको, पण एकदा मला लिहायचंच आहे. वल्हं तेवढंच खोल बुडवायचं. खांदे तेवढेच फिरवायचे. तोंड तेवढंच वेडंवाकडं करायचं. फक्त पाय समोरच्या पाट्यावर नुसते टेकवायचे, रेटायचे नाहीत. किनाऱ्यावरच्याला काही दिसत नाही. शिंतोडे तितकेच उडतात.

आदल्या दिवशी शेडमध्ये देझो काका मला म्हणाले होते, “गिझे, उद्या पिरी पुढे असेल तेव्हा पाय ढिले सोड.” एवढंच. मी का म्हणून विचारलं नाही. चार दशांश सेकंदांनी तू हरलीस. होडीतून उतरलीस, वल्हं पुसलंस, मार्गितचा हात हातात घेऊन म्हणालीस, “जा, जिंकून ये.” मी खाली मान घालून स्पंज पिळत बसले. आम्ही जाऊन जिंकून आलो. माझं पहिलं सोनं ते.

तुझी माफी मागावी एवढं तोंड मला नाही. पण त्या होडीवर त्याचं नाव लागलेलं मला बघवणार नाही. ते तुझं हवं. नाव तुझं आणि पालिंका ओतायला तू, इथं, आपल्या धक्क्यावर. मला एवढंच हवंय. तू ये, पिरी.

गिझी

२१ मार्च २०१९

पिरी,

पहिलं पत्र तुला पोचलं की नाही माहीत नाही, आणि मी दुसरं लिहायला बसलेय. कारण आज ओटी घरी आली होती.

तुला आठवते ती ओटी राहिली नाही. दोन्ही गुडघे बदललेत, काठी घेऊन चालते, तोंड मात्र जसंच्या तसं. स्वयंपाकघरात बसली, माझ्या हातच्या खसखशीच्या गोड पावाचा काप खाल्ला, कोरडा झालाय असं म्हणून दुसरा घेतला, आणि मग म्हणाली, “त्या होडीला त्या थेरड्याचं नाव? माझ्या मढ्यावरून न्या म्हणावं होडी.”

मी म्हटलं, “तुला काय झालं? तुला तर तो लाडकी म्हणायचा.”

“लाडकी होते म्हणूनच सांगितलं ना त्यानं मला! पिरीच्या वेळी हात राखून ओढ म्हणाला. चौतीस वर्षं झाली, गिझी. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही मी.”

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. “तुलाही?” मी म्हटलं.

“तुलाही म्हणजे?”

मग आम्ही एकमेकींकडे बघत बसलो, दोन म्हाताऱ्या, तोंडाला खसखस लागलेली. ओटी आधी हसायला लागली. मग तिनं टेबलावर जोरात हात आपटला आणि रडली. थोड्या वेळानं म्हणाली, “व्हेंडेलला फोन लाव.”

व्हेंडेल म्हणजे योलानचा नवरा. योलान आठ वर्षांपूर्वी गेली हे तुला कळलं असेल. पोटाचा कॅन्सर. व्हेंडेल नदीपलीकडे एकटाच राहतो, मासे धरतो, फोनवर कमी बोलतो. ओटीनं त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, “शेवटच्या महिन्यात बोलली होती मला. पिरीला फसवलं म्हणाली. मी म्हटलं, झोप आता. पुन्हा विषय नाही काढला.”

म्हणजे तिघीही. त्यानं प्रत्येकीला वेगळं गाठून सांगितलं आणि प्रत्येकीला वाटलं, आपण एकटीच पापी. मागे तिघी नुसत्या पाणी ढवळत बसल्या होत्या आणि तरी फरक पडला तो फक्त चार दशांशांचा! अगं, ती होडी तू एकटीनं ओढलीस. मी तेवीस वर्षं या खेळात काढली, त्यानंतर पोरींना शिकवण्यात वीस, आणि असं ओढताना मी कुणाला पाहिलं नाही. आणि ते पाहायला मी तुझ्या होडीतच बसले होते.

ओटीला त्यानं कारणही दिलं होतं. “पिरी बाहेरच्या देशात गेली की परत यायची नाही. मला कळलंय. एक पोर पळाली की क्लबाचे पासपोर्ट बंद, माझी नोकरी बंद, तुमच्या स्पर्धा बंद. तुला जायचंय ना?” ओटीला जायचं होतं. आम्हाला सगळ्यांनाच जायचं होतं. तो हिवाळा आठव. तळघरातल्या सरावाच्या हौदात चार महिने तेच हिरवं पाणी, बदलायचं नाव नाही, अंगाला येणारा तो वास भावाच्या लग्नातसुद्धा माझ्या केसांतून गेला नव्हता. आणि बाहेर काढलं की हंसाच्या चरबीचे पाव कोंबायचे, वजन पाहिजे म्हणून. एवढं सोसून जी जागा मिळवली ती सोडायची नव्हती.

हे कारण झालं. माफी नाही. मला आता सगळ्याचा वीट आलाय, पदकांचा, भाषणांचा, क्लबाच्या भिंतीवरच्या आमच्या फोटोचा. त्या फोटोत आम्ही चौघी किती निर्मळ हसतोय! काल मी तो खिळ्यावरून काढायला गेले तर अध्यक्ष धावत आला, “मावशी, पुसायचाय का? द्या, मी पुसतो.”

गिझी

२ मे २०१९

पिरी,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं दारातच विचारलं, “ऑस्ट्रेलियात कोण तुमचं?” मी म्हटलं, “माझ्या पुढे बसायची ती.” त्याला काही कळलं नाही आणि मी दार लावून घेतलं.

तुझं अक्षर बदललं नाही. सात वर्षं दोघींच्या होडीत मी तुझ्या मानेकडे बघत काढली, तुझं तोंड मला आता धड आठवत नाही, पण पाटीवर खडूनं लिहिलेल्या सरावाच्या वेळा अजून आठवतात. सकाळी पोरांना समुद्रावर नेतेस, लाटांवरून होड्या काढायला शिकवतेस, गुडघा दुखतो, नातवाला पाण्याची भीती वाटते. हे सगळं मी तीनदा वाचलं. खालचं मात्र एकदाच वाचलं आणि तेच डोक्यात बसलं.

तू लिहिलंस, “तुमच्या तिघींचं काय करायचं ते मी नंतर ठरवीन. तेवीस वर्षांच्या पोरींना भीती घातली की त्या काय करणार? पण आधी मला एक हवं. मी पळून जाणार हे त्याला कोणी सांगितलं? मी तसं ठरवलंसुद्धा नव्हतं. कधीतरी धक्क्यावर गंमत केली असेन इथल्या माझ्या मावशीच्या नावानं. कोण होतं तिथं आठवत नाही. मला पळपुटी ठरवलं म्हणून मी पुढे खरंच गेले, गिझी. आई वारली तेव्हा मी इथं होते. जिनं ते सांगितलं तिचं नाव मला शोधून दे. तिच्या हातात मी हात देणार नाही. बाकी सगळ्यांच्या देईन.”

शोधून दे म्हणालीस म्हणून मी काल म्हाताऱ्याकडे गेले. लेकीच्या फ्लॅटमध्ये ठेवलंय त्याला, शेवटची खोली. दार उघडलं की औषधाचा आणि ओल्या टॉवेलचा वास येतो. पाय घमेल्यात, गरम पाण्यात. चादरीवर टरफलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “आलीस? भाषण लिहिलंस का माझं?”

मी म्हटलं, “काका, पंच्याऐंशी साली पिरीच्या वेळी आम्हा तिघींना ओढू नका म्हणालात. आठवतं?”

“आठवतं की.”

“लाज नाही वाटली?”

“कसली? होडी जिंकली ना? पोरी परत आल्या ना? कुणाचा पासपोर्ट गेला नाही, कुणाची नोकरी गेली नाही. सगळ्यांचं भलं झालं.”

“पिरीचं?”

तो घमेल्यात पाय हलवत बसला. “पिरीला काय झालं? उन्हात बसलीय ती. मीच घमेल्यात बसलोय.” आणि हसला, पिरी. हिरड्या दाखवून हसला.

मग मी विचारलं, पिरी पळणार हे तुम्हाला कळलं कसं? म्हणाला, आता काय आठवतंय. नव्वदीला आलेल्या माणसाला काय विचारणार?

घरी येऊन मी नीट विचार केला. ओटी नसावी, ओटीच्या पोटात काही राहत नाही, ती एव्हाना बोलली असती. मला वाटतं योलान असावी. ती देझो काकांच्याच गल्लीत राहायची, तिच्या आईचं त्यांच्या घरी जाणंयेणं होतं. खात्रीनं सांगता येत नाही. पण मला तरी तसंच वाटतं. आता ती नाही, तेव्हा हात देण्या न देण्याचा प्रश्नच उरत नाही. तू ये.

गिझी

७ जुलै २०१९

पिरी!

तिकीट काढलंस! पत्र हातात घेऊन मी ओटीकडे चालत गेले, जिन्यावर धाप लागली, तिला वाटलं कोणी गेलं. मग तिनं फ्रिजमधून जर्दाळूची पालिंका काढली, सकाळी साडेदहाला. अकरा सप्टेंबरला बुडापेस्टला उतरतेस. मी स्टेशनवर येईन. माझी दुसरी खोली रंगवून घेतेय. तुला अजून उशीखाली उशी लागते का ते कळव.

क्लबात काय झालं ते ऐक. ओटी आणि मी सभेत उभ्या राहिलो आणि सगळं सांगितलं. ओटीच बोलली जास्त, मी नुसती शेजारी उभी. अध्यक्ष लाल झाला. “मावशी, कशाला जुनं उकरता? म्हातारा किती दिवसांचा पाहुणा!” एक जण म्हणाला, त्या काळी सगळेच असं करायचे. मला इतकी चीड आली की मी त्याच्यावर सभेच्या कागदांचा गठ्ठा फेकला. सगळेच करायचे! सगळेच करायचे म्हणून तर आपण सगळे असे झालो, तोंडानं गोड आणि पायांनी ढिले.

मग हात वर करून मोजणी झाली. तेवीस विरुद्ध एकोणीस. होडीचं नाव पिरोश्का, तुझं पूर्ण नाव. तू पालिंका ओतणार. त्याला केक मिळणार, तेवढा मिळू दे. त्याच्या लेकीनं माझ्याशी बोलणं सोडलंय आणि ते मला फार बरं वाटतंय.

सराव करणाऱ्या चौघी पोरी, सतराअठरा वर्षांच्या, सभा संपल्यावर माझ्याकडे आल्या. त्यांतली पहिल्या जागेवर बसते ती म्हणाली, “मावशी, मागचे ओढत नाहीत हे पुढच्याला कळतं ना? मग पिरी मावशी तेव्हाच का नाही बोलल्या?” मी म्हटलं, “आल्या की विचार.” मला स्वतःला ते विचारायची हिंमत नाही.

एक राहिलं. योलानबद्दल मी लिहिलं ते आपल्यातच ठेव. व्हेंडेलला काही लिहू नकोस. त्याची तब्येत बरी नसते, आणि मी काही खात्रीनं म्हटलं नव्हतं. आल्यावर बोलू. किंवा नकोच बोलायला. मेलेल्या माणसाचं कशाला?

तुझी

गिझी

१९ ऑगस्ट २०१९

पिरी,

हे पत्र मी एकटी लिहीत नाही. समोर व्हेंडेल बसलाय. सकाळी नदी ओलांडून सायकलवर आला, टोपी काढली नाही, आणि खिशातून तुझं पत्र काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. माझं ‘लिहू नकोस’ तुला उशिरा पोचलं. तू त्याआधीच त्याला लिहिलं होतंस.

मी ते वाचलं. तू नीटच लिहिलंयस, अदबीनं. योलाननं तुझ्याबाबत काय केलं ते त्याला कळायला हवं, तू गावात येशील तेव्हा तिच्या थडग्याशी यायला तो तुला म्हणेल आणि तू येणार नाहीस, म्हणून आधीच सांगतेयस, मनात राग नको. मी वाचून कागद खाली ठेवला. व्हेंडेल म्हणाला, “आठ वर्षं दर रविवारी मी तिच्यासाठी फुलं नेतो. हे पत्र आल्यापासून दोन रविवार मी गेलो नाही, गिझी. पहिल्या रविवारी फुलं कापली आणि डुकरांना टाकली.”

मी म्हटलं, “बस. काही खातोस का?”

“नको. हिला हे कोणी सांगितलं?”

“मी.”

“तुला कोणी सांगितलं?”

तेव्हा मी बोलले, पिरी. आधी त्याला सांगितलं आणि आता तुला सांगते. तो म्हणाला, “मला सांगून उपयोग नाही. तिला लिही. तू लिहून संपवेपर्यंत मी इथून हलत नाही.” म्हणून लिहितेय. प्रत्येक वाक्य झालं की तो म्हणतो, वाचून दाखव. मी दाखवते.

योलाननं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

त्या दिवशी धक्क्यावर बाकी कोणी नव्हतंच. तू आणि मी दोघीच होतो. पंच्याऐंशीचा एप्रिल होता, सराव संपवून आपण लसूण लावलेले तळलेले लांगोश खात पाय वाळवत बसलो होतो. तू म्हणालीस, “मी ऑस्ट्रेलियाला मावशीकडे जाईन बघ एक दिवस. तिथं हिवाळ्यातसुद्धा नदीवर जाता येतं. त्या घाणेरड्या हौदात पुन्हा पाय घालणार नाही मी.” हसलीस आणि तोंडाला लागलेली लसूण पुसलीस. दुसऱ्या दिवशी मी देझो काकांकडे गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले, दार वाजवलं आणि सांगितलं.

मे महिन्यात त्याच्या त्या खोलीत मी विचारलं तेव्हा त्याला आठवत नाही असं तुला लिहिलं. तेही खोटं. त्याला लख्ख आठवत होतं. म्हणाला, “अगं, तूच तर सांगितलंस, गिझे. रडत आली होतीस.” मग तो हसला. हिरड्यांचं जे लिहिलं ते खरं आहे, फक्त तो कशावर हसला ते मी बदललं. त्याची मला एवढी किळस का येते असं ओटी नेहमी विचारते. तो एकटाच मला ओळखतो म्हणून येते.

मी इथवर लिहिलं, “मला वाटलं, काका तुला दोन शब्द सुनावतील आणि तू राहशील.” वाचून दाखवलं. व्हेंडेल म्हणाला, “हे खरं आहे?” मी पेनाला टोपण लावायला लागले. तो म्हणाला, “मग खोड.” मी खोडलं नाही, तसंच ठेवलंय, म्हणजे मी कशी लिहिते ते तुला दिसेल. खरं असं आहे की मला राग आला होता. सात वर्षं आपण दोघींच्या होडीत होतो. त्याच्याही आधी, अकरा वर्षांच्या असताना पहिल्यांदा पाण्यात पडलो तेही एकाच होडीतून. आणि तू म्हणालीस, मी जाईन. आपण जाऊ म्हणाली नाहीस. येतेस का असं गमतीतही विचारलं नाहीस. मी नसते आले, मला आई होती, पण तू विचारायचं होतंस. एवढ्यासाठी गेले मी त्याच्या दारी. पुढे शेडमध्ये त्यानं पाय ढिले सोड म्हटलं तेव्हा मी ‘का’ म्हणून विचारलं नाही, कारण का ते मला माहीत होतं.

आणि यंदा मी पुन्हा तेच केलं. तू यावीस म्हणून एका मेलेल्या बाईच्या डोक्यावर ते टाकलं. तिच्या जागी जिवंत बाई सापडली असती तर तिच्यावरही टाकलं असतं. खोलीला रंग देताना मी गाणं म्हणत होते, पिरी. मला माझीच इतकी घाण वाटते की हे लिहिताना पेन टेबलावर ठेवून मी दोनदा उठले. दोन्ही वेळा व्हेंडेल म्हणाला, “बस.”

आता तुझ्या येण्याचं. तू ये. नाव तेवीस जणांनी दिलंय, ते मी दिलेलं नाही, तेव्हा त्याला विटाळ नाही. ओटी तुला स्टेशनवर घ्यायला येईल, तिच्याकडे राहा, तिच्या पलंगाला चांगली गादी आहे. चौदा तारखेला मी धक्क्यावर नसेन. वाटेतही दिसणार नाही. माझ्या हातात हात देणार नाहीस हे तू आधीच लिहिलंयस, तेव्हा ते मी समोर उभी राहून तुझ्याकडून करून घेत नाही. योलानकडे मात्र जा. तिनंही पाय ढिले सोडले, पण तिनं ते मरताना कबूल केलं, कुणी समोर बसवून लिहून घेतलं नाही.

व्हेंडेल म्हणतो, झालं असेल तर आण इकडे. सगळं पुन्हा एकदा वाचून दाखवलं. पोस्टात मी टाकते म्हटलं तर त्यानं नकाराची मान हलवली. पाकीट त्यानं स्वतः चिकटवायला मागितलंय आणि पत्ताही तोच लिहिणार म्हणतो, मी लिहिला तर कुठंतरी एक आकडा चुकेल म्हणून. त्यानं चष्मा घातलाय आणि पेन घेऊन बसलाय. तुझ्या गल्लीचं नाव त्याला म्हणता येत नाही. मी एकेक अक्षर सांगतेय.

गिझेला